प्लग काढू नका

आमच्या डोंगरातल्या नारीन गावात मेंढ्या राखणाऱ्याला सगळे ओळखतात, घाटातून ट्रक आणणाऱ्याला ओळखतात, दारू पिऊन बर्फात झोपणाऱ्याला तर नावानिशी ओळखतात. पण शारापत कॉलेजात नेटवर्क सांभाळते म्हटलं की लोक मान हलवतात आणि हळूच विचारतात, "म्हणजे दिवसभर करते काय?" मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल आणि तिच्याच जिन्यावर समोरच्या दारात राहणारी, त्यामुळे हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. पूर्वी मी नीट समजावून सांगायचे. आता माझ्यात तेवढा धीर उरलेला नाही. आता मी म्हणते, "झोपलेल्यांना उठवते," आणि चालू लागते.

खोटं नाही ते. आमच्याकडे हिवाळ्यात पहिल्या तासाला वर्गात तोंडातून वाफ निघते. अशा गारठ्यात जुनी मशीनं, म्हणजे कॉम्प्युटर, सुरू केली की अर्धा तास नुसती घुरघुरतात आणि मुलं तेवढ्यात एकमेकांच्या टोप्या पळवतात. म्हणून शारापत सकाळी स्वतःच्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता कॉलेजातल्या सगळ्या मशीनांना हाक मारते. मुलं येईपर्यंत ती उठून, गरम होऊन, रात्रीची राहिलेली कामं उरकून बसलेली असतात.

यात अवघड काय, असं मी तिला एकदा विचारलं होतं. मी वयाने मोठी, म्हणून ती मला एजे म्हणते, ताई. ती हसली. म्हणाली, "मशीन अवघड नसतं एजे, पेटी अवघड असते." पेटी म्हणजे स्विच. जिन्याखाली भिंतीला लावलेली चपटी पेटी, सगळ्या खोल्यांच्या वायरी तिच्यात येतात. तिने सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. झोपलेल्या मशीनचा एक कान उघडा असतो. त्याच्या नावाची हाक आली की ते उठतं. पण पेटीला फक्त बोलणारेच लक्षात राहतात. मशीन गप्प झालं की थोड्या वेळात ते कोणत्या वायरीवर होतं हेच ती विसरते. म्हणून हाक सगळ्या वायरींवर एकदम द्यावी लागते, ज्याचं नाव तो उठेल. आता एका इमारतीतली अशी आरोळी दुसऱ्या इमारतीत जाऊ द्यायची नाही, हा या पेट्यांचा मूळचा स्वभाव. तो स्वभाव शारापत बदलते. ही एवढी एक आरोळी जाऊ दे, बाकीच्या अडव. आणि मशीन झोपलं तरी त्याची वायर मेली असं समजू नकोस. हे प्रत्येक पेटीला वेगळं शिकवावं लागतं. त्यासाठी ती बाई कोट घालून, लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्याखाली तासन् तास बसायची आणि येणारेजाणारे तिच्यावर बुटांचा बर्फ झटकायचे.

एवढं करून सगळ्यावर पाणी पडायचं, ते बात्मामुळे. बात्मा आमच्या कॉलेजची सफाईवाली. संध्याकाळी फरशी पुसून झाली की ती खोलीतले सगळे प्लग ओढून काढायची. तिलाच काय म्हणा, आमची पिढीच तशी. घराबाहेर पडताना जे जे भिंतीत खुपसलंय ते काढायचं हे आमच्या हाडात आहे. वायरिंग जुनं, हिवाळ्यात वीज अपुरी, आणि लहानपणापासून आगीची भीती घातलेली.

"झोपलंय ना ते?" बात्मा म्हणायची. "मग प्लग काढला तर आणखी गाढ झोपेल."

"अगं बाई, ते झोपणं नव्हे, मरणं आहे. मेलेल्याला हाक ऐकू येते का?"

"सकाळी प्लग लावला की जिवंत होतं ना पुन्हा? तुझ्या मशीनांचं आमच्यापेक्षा बरं चाललंय."

शेवटी शारापतने प्रत्येक खोलीत मोठ्या अक्षरांत कागद लावले, 'प्लग काढू नका'. बात्मा कागदांवरची धूळ पुसायची आणि प्लग काढायची. एक दिवस शारापतने तिला मशीनपुढे खुर्चीवर बसवलं, बाहेर गेली आणि शेजारच्या इमारतीतून ते मशीन उठवलं. बात्मा किंचाळत बाहेर आली. त्यानंतर तिने कधी प्लगला हात लावला नाही. त्या खोलीत कोणीतरी राहतं, असं ती अजूनही म्हणते.

शारापतच्या घरीही एक अशी खोली आहे. मला सांगायचं आहे ते त्या खोलीबद्दल.

तिचा नवरा तेमिरकुल. तोरुगार्टच्या घाटातून आयुष्यभर ट्रक नेला-आणला. आता पाठ गेली आणि माणूस घरी बसला. त्यांची एकुलती एक मुलगी मेरिम. नकाशे काढणारी. घरांचे, इमारतींचे नकाशे. तिचं मशीन भलंमोठं, उचलायला दोन माणसं लागावीत असं. बिश्केकला शिकायला गेली तेव्हा ते घरीच राहिलं. शारापतने कॉलेजाने मोडीत काढलेली एक पेटी दुरुस्त करून घरी लावली आणि मेरिमला हाक शिकवली. तिकडे मुलगी फोनवर एक बटण दाबायची, इकडे तिच्या खोलीत मशीन जागं व्हायचं, आणि तिकडून ती त्याच्यावर काम करायची. समोरच्या स्क्रीनवर बाण आपोआप फिरायचा, रेघा उमटायच्या. तेव्हा घरात त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. तेमिरकुलला तर ठाऊकही नव्हतं. तो आपल्या खोलीत टीव्ही मोठा करून पडलेला असायचा.

मग ते डुलांचं झालं. तेमिरकुलचा जुना सोबती कासमालि, त्याच्याच गाडीच्या मागे गाडी नेणारा. एकदा घाटात बर्फ कोसळला तेव्हा कासमालिने याला केबिनमधून ओढून काढलं होतं, स्वतःचा कोट याच्या अंगावर घातला होता. त्याच्या मुलासाठी मेरिमला मागणं आलं तेव्हा तेमिरकुलने विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही. कासमालिची बायको आली, तिने मेरिमच्या कानात डूल घातले, म्हणजे आमच्याकडे लग्न ठरलं, मेंढी कापली गेली, आम्ही सगळ्यांनी पोटभर खाल्लं. मीही खाल्लं आणि मुलीच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात मेरिम एकटीच कासमालिच्या घरी गेली. तिने डूल काढून त्याच्या बायकोच्या हातात ठेवले, त्या बाईने ओतलेला चहा ती पूर्ण प्यायली, आणि तिथूनच बिश्केकच्या टॅक्सीत बसली. पुढे सीमा ओलांडून अल्माटीला. आईला ती अपा म्हणते आणि बापाला अता; त्या बापाला फोनवर म्हणाली, "मुलगा वाईट नाही अता, पण मला तो नकोय." तेमिरकुलने फोन ठेवला, स्वयंपाकघरातून नान आणला आणि टेबलावर शारापतपुढे ठेवला.

"हात ठेव याच्यावर."

"कशाला?"

"ठेव म्हणतो ना. म्हण, तिला फोन करणार नाही, तिचा घेणार नाही. पत्र नाही, निरोप नाही. कोणाच्या तोंडूनसुद्धा नाही."

शारापतने हात ठेवला. मोडलं तर नान मला मारो, असं म्हणाली. का म्हणाली, असं मी तिला पुढे हजारदा विचारलं. ती म्हणायची, "त्यांचे हात थरथरत होते एजे. मला वाटलं, नाही म्हटलं तर हा माणूस इथेच पडेल."

"मग आता थरथरत नाहीत ना? त्यांनाच सांग, शपथ सोडवा म्हणून."

"नानवरची शपथ माणसाला सोडवता येते का?"

जमिनीवर पडलेला तुकडा मीही उचलून कपाळाला लावते. मी आपली दुसरीकडून गेले; म्हटलं, "मी करते मेरिमला फोन." तर म्हणते कशी, "कोणाच्या तोंडूनसुद्धा नाही असं म्हटलंय मी. तुमचं तोंड तर त्यात पहिलं आलं."

पुढे एकदा संध्याकाळी मी तिच्याकडे खिमा करायचं यंत्र मागायला गेले. तेमिरकुल आपल्या खोलीत, टीव्ही चालू. शारापत मेरिमच्या खोलीत अंधारात बसलेली, समोर स्क्रीन उजळलेला. तिचे हात मांडीवर होते आणि स्क्रीनवर बाण फिरत होता. एक भिंत पुसली गेली, दुसरीकडे उमटली, तिला खिडकी आली. मी बात्मासारखीच ओरडणार होते, पण शारापतने ओठांवर बोट ठेवलं.

"मेरिम आहे," ती म्हणाली.

मी तिथेच पलंगावर टेकले. मशीनबद्दल ती नानवर काही बोललीच नव्हती. तेमिरकुलने फोन धरला, पत्र धरलं, निरोप धरला. बायकोचं काम कोणतं हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. शारापतने एकच केलं. पेटी चालू ठेवली, वायर जिवंत ठेवली. मुलगी तिकडून हाक मारते आणि इकडे मशीन उठतं, याचा अर्थ आईने दार लावलेलं नाही. मुलीला तो कळत होता. तिनेही कधी तिथे अक्षर लिहिलं नाही. लिहिलं तर आईचा हात उत्तराला उठेल आणि शपथ मोडेल, हे तिला कळत होतं. आईवर गेलेली पोर ती.

"काम संपलं की बघा काय करते," शारापत कुजबुजली. थोड्या वेळाने रेघा थांबल्या. बाण खाली कोपऱ्यात आला आणि तिथे जरासा हलला, डावीकडे, उजवीकडे. मग स्क्रीन काळा झाला.

"हात हलवते मला."

"अगं, बंद करायचं बटण शोधत असेल."

"रोज शोधते?" ती म्हणाली, आणि मी उठले. खिम्याचं यंत्र न्यायचं विसरले ते विसरलेच.

त्या बाईची सगळी संध्याकाळ मशीनमधल्या पंख्याच्या आवाजावर लटकलेली असायची. पातेल्यात चमचा फिरवताना मध्येच थांबायची, कान द्यायची. पंखा घुमला की चहा गाळून खोलीत. नाही घुमला तर पातेलं उगाच घासत राहायची. मुलगी आजारी आहे की बरी, जेवते की नाही, कोणाबरोबर राहते, यातलं काही तिला कळत नव्हतं. तिला एवढंच कळायचं की आज मेरिमने एक जिना काढला, आज जिना पुसला, आज तिचा हात भरभर चालतोय, आज दमलेला आहे. सर्दी झाली की बाण मध्ये मध्ये थांबतो, असं ती मला शपथेवर सांगायची. मी टिंगल करायचे. पण घरी येऊन माझाही जीव तुटायचा, कारण माझा मुलगा रोज फोन करतो आणि आम्हाला बोलायला काही सुचत नाही.

मग या शरद ऋतूत कॉलेजाने शारापतला दुपारची पाळी लावली. संध्याकाळचे वर्ग वाढले होते, कोणीतरी थांबायलाच हवं होतं. ती घरी यायची तेव्हा जेवणाची वेळही टळलेली असायची. आल्या आल्या कोट न काढता मशीन उघडायची आणि मेरिमने काय काढलं ते बघायची. पहिले काही दिवस नवीन रेघा होत्या. मग एक दिवस काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढचा आठवडा गेला, तरी नाही.

"पेटीचं काहीतरी बिनसलंय," ती मला म्हणाली. आवाजात जवळजवळ आनंद होता. बिनसलेलं तिला नीट करता येतं. रविवारी तिने घरची पेटी पूर्ण पुसून नव्याने शिकवली, वायर बदलली, बाहेरून येणारी हाक कुठे अडते ते एकेक पायरी तपासलं. सोमवारी सकाळी लवकर कॉलेजात गेली आणि तिथून घरच्या मशीनला हाक मारली. परत येऊन बघते तर मशीन जागं. मंगळवारी पुन्हा केलं, पुन्हा जागं. मग ती माझ्याकडे ग्रंथालयात आली आणि खुर्चीत बसली.

"सगळं ठीक आहे एजे," ती म्हणाली. "हाक बरोबर पोहोचते. म्हणजे तीच मारत नाहीये."

मी म्हटलं, "नवीन मशीन घेतलं असेल. पोरगी कमावते. एवढ्या लांबून तुझं धूड कशाला वापरेल?"

"हो. तसंच असेल."

"बरंच आहे की मग."

"बरंच आहे," ती म्हणाली आणि रडू लागली. मी दाराला कडी घातली. मुलं पुस्तकं परत करायला आली होती, ठोठावत राहिली. ठोठावू दे म्हटलं. असं रडणं मी तिच्या आईच्या मयतीलाही पाहिलं नव्हतं. "माझी बाजू मी सांभाळली," ती म्हणत होती. "एक दिवस बंद पडू दिलं नाही. मग तिने का सोडावं?"

त्यानंतर शारापत कामाला यायची, पेट्या बघायची, मशीनं उठवायची, पण घरी गेल्यावर त्या खोलीत जायची नाही. दार ओढून घेतलं होतं. तेमिरकुल तिच्याशी जरा मऊ बोलायला लागला होता. ते मला खटकलं होतं. बायको वाळत चालली आणि हा माणूस तिला बसल्या जागी चहा देतो? आमच्या जिन्यावर असं कधी कोणी पाहिलेलं नाही.

डिसेंबरात एक दिवस दुपारी कॉलेजच्या तळघरात बॉयलर फुटला. मुलांना घरी सोडलं, आम्हालाही. आम्ही दोघी बर्फातून पाय ओढत घरी आलो तेव्हा बाहेर जेमतेम अंधारत होतं. मी तिच्याच घरात शिरले, माझं घर गार पडलं असेल म्हणून. टीव्हीचा आवाज नव्हता. मेरिमच्या खोलीचं दार उघडं होतं.

तेमिरकुल मशीनपुढे स्टुलावर बसला होता. टोपी मांडीवर, आणि टोपीवर मशीनची वायर. प्लग भिंतीतून काढलेला. पेटीवर मेरिमच्या मशीनचा जो एक छोटा हिरवा दिवा मशीन झोपलेलं असतानाही लागलेला असतो, तो विझलेला. शारापतने आधी तो दिवा पाहिला, मग नवऱ्याला.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"तू दुपारी गेलीस की काढतो. यायच्या आधी लावतो."

मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. मीच घ्यायला तयार होते. म्हटलं, "बाइके, अहो भाऊ, तुम्हाला काही वाटलं नाही? ही बाई इथे मरायला टेकलीय—"

"एजे, थांबा," शारापत म्हणाली. ती पलंगावर बसली, कोटासकट. "तुम्हाला कधी कळलं?"

"तुझी पाळी बदलली त्याच आठवड्यात." तेमिरकुल वायरीकडे बघत बोलत होता. "पडलो होतो. इथे काहीतरी घुमायला लागलं. आलो तर हे उजळलेलं. तो बाण हिंडत होता. मी म्हटलं, हे काय भूत आहे. मग तिने दार काढलं. दाराची रेघ ती खालून वर काढते. लहान होती तेव्हा माझ्या ट्रकच्या काचेवर वाफेत बोटाने काढायची, तेव्हाही खालून वर." त्याने टोपीवरची वायर चाचपली. "दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशीही. मी इथे बसायचो. घरात ती आहे, माझ्यापुढे आहे, आणि माझ्या तोंडाला कुलूप. मला बघवेना, शारापत. म्हणून काढला."

"रागाने नाही?"

"राग कधीच गेला. कासमालिचा मुलगा या उन्हाळ्यात बाप झाला. त्यांच्याकडे मी टोयला, बाळाच्या मेजवानीला, जेवून आलो." तो जरा हसल्यासारखा झाला. "कासमालिने माझ्या ताटात सगळ्यात मोठं हाड वाढलं. त्याच्याही मनात काही राहिलेलं नाही."

मला त्या माणसाची टोपी उचलून त्याच्याच डोक्यात हाणावीशी वाटली. राग गेला होता तर सांगायचं कोणाला? भिंतीला? पण आमचे पुरुष असेच. घाटात बर्फ कोसळला तर हसतात, आणि घरात एक वाक्य बोलायला त्यांना चार ऋतू लागतात.

शारापतने कोटाची बटणं सोडली. मग म्हणाली, "तिने हाक मारली असेल. रोज. आणि इथून काही उठलं नाही. तिला काय वाटलं असेल, सांगा. तिला वाटलं असेल, आईने दार लावलं."

तेमिरकुलने मान खाली घातली.

"प्लग लावा."

त्याने वाकून प्लग लावला. पाठ धरली होती, उठताना मी हात दिला. पेटीवर हिरवा दिवा लागला. आम्ही तिघं त्या दिव्याकडे बघत बसलो. त्या दिवशी काही आलं नाही. त्या आठवड्यातही नाही. शारापतच्या हातात आता काहीच नव्हतं. पेटी ठीक, वायर ठीक, प्लग लागलेला. 'दार मी लावलं नव्हतं' एवढं पोरीला कळवायचं होतं, आणि तेवढंच कळवायची सोय नव्हती. मी पुन्हा म्हटलं, करू का फोन? ती म्हणाली, "नान माझ्यावर पडला तर पडू दे, एजे. पण मग मेरिमवर पडला तर?"

तेमिरकुल मात्र त्या स्टुलावरून हलेना. शारापत कामाला निघाली की हा टोपी घालून खोलीत बसायचा, पाहुणा येणार असल्यासारखा. टीव्ही बंद. मी समोरच्या दारात राहते, मला कळतं.

नव्या वर्षाच्या आदल्या आठवड्यात, दिवस मावळताना, शारापत माझ्याकडे ग्रंथालयात चहा प्यायला आली होती. तिचा फोन वाजला. तेमिरकुल कधी फोन करत नाही. माणूस पडला की काय म्हणून तिने घाबरून उचलला. त्याचा आवाज एवढा मोठा की फोन कानाला लावायची गरज नव्हती.

"घुमायला लागलंय," तो म्हणाला.

शारापत उभी राहिली.

"उजळलं. बाण आलाय. शारापत, तो हिंडत नाहीये, एकाच जागी आहे. आता एक पांढरी चौकट उघडली. अक्षरं येतायत."

"वाचा."

"चष्मा... थांब." खुडबुड ऐकू आली. मग तो हळूहळू, पहिलीतल्या मुलासारखा, वाचू लागला. "अपा, मी किती वेळा हाक मारली. तू बंद केलंस का?"

शारापतने टेबल धरलं. मी पुढे होऊन म्हणणार होते, लिहा, नाही म्हणून. तिने माझ्या दंडाला धरून मला मागे ओढलं. एवढी ताकद तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

"काय लिहू?" तेमिरकुलने विचारलं. "सांग लवकर. काय लिहू?"

"मी काय सांगणार?" शारापत म्हणाली. "माझ्या तोंडून नाही, दुसऱ्याच्या तोंडून नाही, असं म्हटलंय मी. तुम्हीच म्हणवून घेतलंत."

तिने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"तुम्ही कुठे नानवर हात ठेवलाय?" ती म्हणाली.

मग नुसतं एकेक बटण दाबल्याचं ऐकू येऊ लागलं. टक्. बराच वेळ काही नाही. टक्. मध्येच तो पुटपुटला, "कुठे लपवलंय हे अक्षर मेल्यांनी." ज्या हाताने त्याने बर्फात घाट उतरवले तो हात एक अक्षर शोधत होता. मला वाटलं, पोरगी तोवर निघून जाईल. शारापतनेही डोळे मिटून घेतले होते. ग्रंथालयात एक विद्यार्थी आला, आमच्याकडे बघून आल्या पावली परत गेला.

"लिहिलं," तेमिरकुल म्हणाला.

"काय लिहिलंत?"

त्याने वाचून दाखवलं. "मी बंद केलं होतं. अता."

शारापतच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तिने हात फोनवरून काढला नाही.

"काही येत नाहीये," तेमिरकुल म्हणाला. आता त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "शारापत, काही येत नाहीये. मी चुकीचं लिहिलं का?"

"गेली का ती? स्क्रीन काळा झाला?"

"नाही. उजळलेलाच आहे. बाण आहे. माझ्या अक्षरांवर येऊन उभा राहिलाय. हलत नाही."

"मग बसून राहा," शारापत म्हणाली. "तीही बसलीय."